रुंद पायांचे बूट

आमच्या जुन्नरच्या दुकानात चामड्याचा जोड कधी आला नाही. सासऱ्यांचा तो नियमच होता. त्यांना आम्ही सगळे बापूजी म्हणायचो. जैनाने बुटांचं दुकान काढावं की नाही, यावर त्यांच्या वडिलांच्या वेळी समाजात बरीच वादावादी झाली होती म्हणे. शेवटी तोड निघाली ती अशी, की कॅनव्हास, रबर, रेक्झिन काय ते विका, चामडं उंबऱ्याच्या आत आणू नका. त्यामुळे नवरदेवाचे चकचकीत काळे बूट घ्यायला लोक पेठेत दुसरीकडे जायचे. आमच्याकडे यायची ती शाळेची पोरं, पीटीचे पांढरे बूट घ्यायला, आणि पावसाच्या तोंडावर गमबूट घ्यायला शेतकरी.

मी त्या घरातली थोरली सून. माहेर घोडेगावचं. बारावीपर्यंत शिकलेली. बापूजींचे गुडघे दुखायला लागले आणि माझे मिस्टर माल आणायला पुण्याला गेले की दुकानात कुणी उरेना, म्हणून मी खाली जाऊन बसायला लागले. सुरुवातीला सासूबाईंना ते पसंत नव्हतं. मग त्यांनीच एकदा पाहुण्यांसमोर म्हटलं, "आमची थोरली पाय बघून नंबर सांगते, पट्टी लागत नाही तिला." त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस जगले. घरातली गल्ल्यावर बसणारी पहिली बाई मी होते, आणि मला वाटायचं की ही जागा आता माझीच आहे.

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ आली. नारायणगावच्या कापडवाल्याची मुलगी. दहावी झालेली, शिवणकामात तरबेज, आणि हसणं असं की रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. मला "भाभी" म्हणायची, मान द्यायची, कामाला मागे हटायची नाही. तिच्यात नाव ठेवायला काही नव्हतं. माझी खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. दिवाळीनंतरचे दिवस होते. तळेघरकडच्या एका आश्रमशाळेचे खेळाचे सर तीन मुलींना घेऊन दुकानात आले. मुली डोंगरातल्या, रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या. तालुक्याला पहिल्या आल्या होत्या आणि आता पुण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं होतं.

"ताई, पोरी लई भारी पळत्यात," सर म्हणाले. "आतापर्यंत अनवाणीच पळाल्या. पण पुण्याला बूट घालायला लागतील म्हणत्यात. तेवढे बसवून द्या."

मी एकेक जोड काढला. लांबीला बरोबर आलेला बूट पुढे चवड्याला दाबायचा. जन्मभर अनवाणी चाललेले पाय ते, बोटं पंख्यासारखी पसरलेली. एक नंबर मोठा दिला की टाच सुटायची. सगळ्यात लहान मुलगी बूट घालून दोन पावलं चालली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "सर, मला न्हाई पळता येणार ह्याच्यात."

तेव्हा मी म्हणाले, "सर, अशा रुंद पायांचे बूट कंपनीवाले बनवतच नाहीत. खरंतर आपल्याकडच्या पायांसाठी कुणीतरी बूट बनवायला पाहिजेत."

हे वाक्य माझं होतं. मी ते गल्ल्यावर बसून, सहज, गिऱ्हाइकाची समजूत काढायला बोलले. त्याच वेळी धाकटी वरून सरांसाठी चहा घेऊन आली होती. ती ट्रे हातात धरून त्या मुलींच्या पायांकडे बघत उभी राहिली. मग ट्रे खाली ठेवला, बुटांच्या खोक्यांची झाकणं काढली, आणि मुलींना त्यावर उभं करून पेन्सिलने त्यांचे पाय रेखून घेतले. मुलींना गुदगुल्या होत होत्या. सर हसत होते, मीही हसले. मुली बूट न घेताच गेल्या.

मला वाटलं, झालं ते तेवढंच. पण आठवड्याभरात तिने दुकानातला एक विकला न जाणारा जोड ब्लेडने उसवला आणि त्याचे भाग पाटावर मांडले. मग कसब्यातल्या एका सुताराकडे जाऊन त्या झाकणांवरच्या मापाने लाकडी फर्मे करून आणले. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, ज्याच्यावर बूट चढवून बांधतात. सासूबाईंनी ते फर्मे पाहिले आणि म्हणाल्या, "हे कुणाचे पाय कापून आणलेस?" घरभर हसू झालं. दिराने पुण्याहून सोलसाठी रबराची शीट आणून दिली. माझ्या मिस्टरांनी आयुष्यात मला कधी रबराची शीट आणून दिली नव्हती. मला रबराची शीट हवी होती असंही नाही. पण दीर ती खांद्यावर टाकून घरात आला आणि तिला हाक मारली, ते मला लागलं.

पहिला जोड तिने स्वतःच्या मापाचा शिवला आणि एका सकाळी मला म्हणाली, "भाभी, चला लेण्याद्रीला. पायऱ्यांवर बघू टिकतो का."

साडीखाली ते जाडजूड कॅनव्हासचे बूट घालून ती पायऱ्या चढत होती. डोलीवाले बघत होते. एकाने विचारलंही, "ताई, डोली करायची का?" अर्ध्या वाटेत तिच्या उजव्या बुटाचा सोल सुटला आणि प्रत्येक पावलाला फटाफटा वाजायला लागला. मी असते तर लाजेने मेले असते. ती मात्र पायरीवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग बूट काढून उलटापालटा केला आणि मला दाखवला. "बघा ना भाभी, कडेला सोल्यूशन लागलंच नव्हतं. नुसतं मधे चिकटलं होतं." आणि उरलेल्या पायऱ्या अनवाणी चढून गेली, मला मागे टाकून.

मी तिच्या मागून चढत होते आणि माझ्या मनात पहिल्यांदा तो विचार स्पष्ट आला: ही जिंकणार. जी बाई सगळ्यांच्या देखत फजिती झाल्यावर अशी हसू शकते, तिला अडवणार कोण? देवळात मी हात जोडले, पण काय मागितलं ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही. मी तिच्याकडेच बघत होते.

पुढच्या वर्षी तळेघरच्या त्या शाळेच्या मुली तिने शिवलेले बूट घालून पळाल्या. पुण्यात बूट कारखान्यात काम केलेला एक कारागीर गावी परतला होता, तो मदतीला आला. आधी दुकानामागचं गोदाम, मग नारायणगाव रस्त्याला पत्र्याची शेड. शेडमध्ये आसपासच्या गावांतल्या बायका शिलाई मशीनवर अप्पर शिवायच्या, म्हणजे बुटाचा वरचा कापडी भाग. पुरुष सोल चिकटवायचे. खोक्यावर छापायला नाव हवं होतं. बापूजींनी एका तीर्थंकरांचं नाव सुचवलं, पण देवाचं नाव पायात कसं घालायचं म्हणून तेच मागे फिरले. मग दीर म्हणाला, "हिचंच घालू." आणि घातलं. आमच्या घरातल्या एका बाईचं नाव जुन्नर-आंबेगावच्या शाळाशाळांत, पोरांच्या टाचांवर शिक्का होऊन पळायला लागलं. ते नाव माझं नव्हतं.

धंदा वाढत गेला. आश्रमशाळांचे सर यायचे, ओतूर-मंचरच्या हायस्कूलचे सर यायचे. सकाळी सकाळी रस्त्याच्या कडेने भरतीची तयारी करणारी पोरं पळायची, त्यांच्या पायात तिचेच बूट. मी गॅलरीत केस पुसत उभी असायचे आणि नको नको म्हणताना त्यांच्या टाचांकडे नजर जायची. दुकानातही तेच विकायचे. गिऱ्हाईक आलं की नाव घेऊन मागायचं. दिवसातून कितीदा तरी माझ्याच तोंडून मला तिचं नाव घ्यावं लागायचं. "हो, आहे ना. कितवा नंबर?"

मग एका साप्ताहिकाचे बातमीदार आले, फोटोवाल्याला घेऊन. आमच्याच दिवाणखान्यात मुलाखत झाली. धाकटीने डोक्यावरून पदर घेतला होता, चेहरा कसा फुलून आला होता. मी पोहे आणून ठेवले तेव्हा ते विचारत होते, "ही कल्पना सुचली कशी?"

"दुकानात आश्रमशाळेचे सर मुलींना घेऊन आले होते," ती म्हणाली. "कुठलाच बूट बसेना. मी त्या मुलींचे पाय बघितले आणि मला वाटलं, आपल्याकडच्या पायांसाठी कुणीतरी बूट बनवायला पाहिजेत."

माझं वाक्य. शब्दाला शब्द. मी हातात रिकामा ट्रे घेऊन उभी होते. ती खोटं बोलत नव्हती. मी तिचा चेहरा पाहिला, तिला खरोखरच वाटत होतं की ते तिला वाटलं होतं. तिने माझ्याकडे बघून म्हटलंसुद्धा, "भाभी तेव्हा गल्ल्यावरच होत्या, विचारा त्यांना." बातमीदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो, असंच झालं."

संध्याकाळच्या जेवणाआधी मी मिस्टरांना सांगितलं, "ते वाक्य मी बोलले होते. सरांना. ती चहा घेऊन आली होती नुसती."

ते म्हणाले, "असेल. पण नुसत्या बोलण्याचे बूट होतात का?"

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. छापून आलेल्या बातमीत फोटो सुंदर होता. सासूबाईंनी तो फ्रेम करून दुकानात लावला, बरोबर गल्ल्याच्या वर. बसल्या जागी मला तो दिसत नसे, पण प्रत्येक गिऱ्हाइकाची नजर माझ्या डोक्यावरून तिकडे जायची.

तोपर्यंत माझी मुलगी मोठी होत होती. तिला अभ्यासापेक्षा शेडचं वेड जास्त. शाळा सुटली की दप्तरासकट तिकडेच. नवीन नमुना तयार झाला की काकी तिला घालायला द्यायची आणि ती पुढच्या माळावर पळून यायची, धापा टाकत सांगायची, "काकी, अंगठ्याला लागतंय," नाहीतर "काकी, हा मस्त!" काकी तिचं म्हणणं मोठ्या माणसाचं ऐकावं तसं ऐकायची आणि खरंच फर्मा घासून घ्यायची. घरी माझ्याशी बोलताना मात्र मुलीचं उत्तर एका शब्दात असायचं. मी विचारायचे, "काय चाललंय शेडवर?" ती म्हणायची, "काम."

ती जिल्ह्याच्या स्पर्धेला पळाली तेव्हा आम्ही सगळे मैदानावर गेलो होतो. तिची शर्यत मोठ्या पल्ल्याची होती. शेवटच्या फेरीला ती तिसरी होती, मग दुसरी, आणि वळणावर तिने पुढच्या मुलीला गाठलं तेव्हा मी ओरडत होते का रडत होते ते मला कळत नव्हतं. ती पहिली आली. मी कठड्यापाशी पुढे झाले, हात पसरले. ती धावत आमच्याकडे आली आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकीच्या गळ्यात पडली. "काकी, टाच अजिबात सुटली नाही!"

धाकटीने लगेच तिला माझ्याकडे वळवलं. "अगं, आधी मम्मीला भेट." मग ती मला भेटली. घामाने भिजलेली, गरम, माझीच मुलगी. पण ती कुणीतरी पाठवल्यावर आली होती. जावेचा मला सगळ्यात जास्त राग आला असेल तर तो तेव्हा, तिने मला मोठेपणाने माझीच मुलगी परत दिली तेव्हा.

दोन हजार सालानंतर वारं फिरलं. नारायणगावला हायवेवर मोठमोठ्या कंपन्यांची दुकानं आली, काचेची, आतून थंडगार. टीव्हीवर क्रिकेटवाले बुटांच्या जाहिराती करायचे. बाजारात फोमचे हलके, लाल-निळे-पोपटी बूट यायला लागले. चार महिने टिकायचे, पण दिसायचे असे की पोरांचा पाय निघू नये. आमच्याच दुकानात तेच मागायला लागले. मी ते मागवले, डोळ्यांसमोरच्या फळीवर लावले. धाकटी एक दिवस खाली आली, फळ्यांवरून नजर फिरवली.

"भाभी, आपले खालच्या फळीवर गेले?"

"नाव घेऊन आता कुणी मागत नाही गं," मी म्हणाले. हे खरं होतं. खरं बोलताना मला आनंद झाला, हेही खरं होतं.

त्याच सुमारास पुण्याचा एक मोठा व्यापारी शेडवर आला. त्याला खूप माल हवा होता, त्याच्या दुकानसाखळीत लावायला. अट एकच. बूट शहरी पद्धतीचा हवा, निमुळता, रंगीत. "तुमचे हे रुंद बूट बदकाच्या पायासारखे दिसतात," तो म्हणाला. नवे फर्मे, नवी मशिनं, नवा सोल, सगळं करावं लागणार होतं. दीर तयार होता. माझे मिस्टर तयार होते. धाकटीने दोन दिवस होकार दिला नाही. मग ती स्वयंपाकघरात आली. मी खाकरे भाजत होते. ती शेजारी बसली, लाटायला घेतलं आणि म्हणाली, "भाभी, तुम्हाला काय वाटतं?"

तिने मला धंद्याबद्दल असं आजवर कधी विचारलं नव्हतं.

"नको घेऊस," मी म्हणाले. "निमुळते बूट सगळेच बनवतात. त्यांच्यापुढे आपण किती दिवस टिकणार? तुझ्याकडे सर येतात ते रुंद बुटांसाठी येतात. थोडा धंदा कमी होईल, होऊ दे. पण ते सोडू नकोस."

दुकानात इतकी वर्षं बसून मला जे कळलं होतं ते सगळं मी त्या चार वाक्यांत सांगितलं. ती लाटत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "भाभी, राग मानू नका. पण माझं चांगलं झालेलं तुम्हाला कधी बघवलं नाही."

ते खरं होतं. तव्यावरचा खाकरा करपला. ती उठून गेली. त्या वेळी मी तिला सांगितलं ते तिच्या काळजीने सांगितलं, का ती आणखी मोठी होईल या भीतीने, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर कधी या बाजूने येतं, कधी त्या. पण तिला पुरती ओळखणारी माणसं घरात थोडी होती, आणि तिच्यावर सगळ्यात बारीक नजर ठेवली होती ती मी. तिचा धंदा कशात आहे ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

तिने काम घेतलं. पहिले काही महिने शेडमध्ये उजेड मावळेपर्यंत मशिनं चालायची. निमुळते, चमकदार बूट पुण्याला जायला लागले. शाळांच्या सरांना "पुढच्या महिन्यात" सांगितलं जाऊ लागलं आणि सरांनी हळूहळू येणं बंद केलं. मग पावसाळ्यात नव्या सोलचे जोड सुटायला लागले. कॅनव्हासला धरणारं सोल्यूशन त्या चकचकीत रेक्झिनला धरत नव्हतं. टेम्पो भरून माल परत आला. आणि व्यापाऱ्याला तोवर बाहेरून आणखी स्वस्त माल मिळायला लागला होता. त्याने फोन घेणं बंद केलं. वर्षभर ओढाताण करून शेवटी मशिनं विकायचं ठरलं.

शेड बंद झाली त्या दिवशी मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेले. शिवणाऱ्या बायका तिच्याभोवती जमल्या होत्या. त्यांतली एक, सुरुवातीपासूनची, तिला मिठी मारून हुंदके देत होती. "ताई, आमी तुमच्या जिवावर घरं चालवली. आता कुणाकडं बघायचं?" धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. रडत नव्हती. कोपऱ्यात माझी मुलगी लाकडी फर्मे पोत्यात भरत होती आणि तिचे डोळे लाल झाले होते.

वाटलं होतं, या दिवशी मला बरं वाटेल. निदान हलकं तरी. मी कपांत चहा ओतत होते आणि मनात आलं, माझं दुकान उद्या बंद पडलं तर असं गळ्यात पडून रडायला कोण येईल? तिचं सगळं गेलं होतं, आणि त्या क्षणीही माझ्यापेक्षा तिच्याकडेच जास्त होतं. मी कप तिच्या हातात दिला. तिने माझी बोटं जरा वेळ धरून ठेवली.

शेड पुढे टोमॅटोच्या क्रेटवाल्याने भाड्याने घेतली. धाकटी काही महिने घरातच असायची, उन्हात बसून धान्य निवडायची. एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. "भाभी, तुम्ही बरोबर सांगत होता."

हे तिच्या तोंडून ऐकायची मी किती वाट पाहिली होती. आणि ऐकल्यावर मला ते नको झालं. ती हरलेली बघायची मला सवय नव्हती. तिला असं मान खाली घालून बसलेलं बघून मीही तिच्या ताटातलं धान्य निवडायला लागले.

"तू पण बरोबर बोलली होतीस," मी म्हणाले. "माझ्याबद्दल."

तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणूनच तर तुमचं ऐकलं नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं." मग पुन्हा धान्याकडे वळत म्हणाली, "पण दुसऱ्या कुणी सांगितलंच नाही."

त्या उन्हाळ्यात तिने त्याच बायकांपैकी तिघीचौघींना बोलावून दुकानाच्या माडीवर कॅनव्हासची दप्तरं शिवायला घेतली. शाळा उघडायच्या आत दप्तरं संपली. दिवाळीपर्यंत माडी पुरेना. परवा एक शिक्षिका दुकानात आल्या, दप्तराला हात लावून म्हणाल्या, "किती छान शिवलंय. कुणी केलं हे?" मी वरच्या जिन्याकडे बोट दाखवलं. वरून मशिनचा आवाज येत होता आणि मधेच तिचं ते रस्त्यापर्यंत ऐकू जाणारं हसणं. शिक्षिका मला विचारून, जिना चढून तिला भेटायला वर गेल्या. मी खाली गल्ल्यावर बसले, गिऱ्हाइकाला सात नंबरचा बूट काढून दिला, आणि कान वर लावून ऐकत राहिले, त्या तिला काय म्हणतायत ते.